चेहऱ्यापुरतं काम

"ह्या फोटोनं घात केला माझा," बालामणी म्हणाली आणि हातातला फोटो तिनं काउंटरच्या काचेवर आपटला.

दुपार होती. अप्पा जेवून आतल्या बाकावर आडवे झाले होते. मी कॉलेजातून येऊन काउंटर सांभाळत होते, आणि आई नेहमीसारखी उत्तरेच्या खिडकीशी, रिटचिंगच्या उतरत्या मेजावर वाकलेली. तिनं मान वर केली नाही. एक गाल पुरा झाल्याशिवाय ती देवालाही ओ देत नाही, असं अप्पा म्हणायचे.

फोटो आमच्याच स्टुडिओतला होता. कमळांच्या तळ्याच्या पडद्यापुढं खुर्चीवर बसलेली बालामणी आणि तिच्या मांडीवर चार वर्षांचा सीनू. भिवंडीला नवऱ्याकडं पाठवायला म्हणून तिनं तो दिवाळीनंतर काढून घेतला होता. एक प्रत तिकडं गेली, एक तिच्याकडं राहिली.

"चांगला तर आलाय," मी म्हणाले.

"चांगला आलाय, तेच तर! बघ की गं कस्तुरी, गाल बघ. माझ्या लग्नातपण मला असले गाल नव्हते. कोण म्हणंल ही बाई दिवसभर बिड्या वळून एकदाच जेवायली?"

सीनू तिच्या पदराला धरून उभा होता. फोटोतला सीनू गोबरा होता. हा सीनू मान आणि डोळे एवढाच होता.

"दोनदा निरोप धाडला मी मालकाला. मला आणि पोराला घेऊन जा म्हणून. खोली नसंल तर वऱ्हांड्यात राहीन, पण एकत्र राहू. तर आमच्या गल्लीतला एकजण आलाय तिकडनं, मयतीला. त्याच्या तोंडी उत्तर आलं. काय, तर, फोटोत बघितलं, तुम्ही दोघं अंगानं भरलाव, तिथं बरं चाललंय, मग इकडं यायचं कशाला काढायलाव? तिथंच राहा." तिचा आवाज चढत गेला. "आणि वर हे धाडलंय."

दुसरा फोटो तिनं पहिल्याच्या शेजारी ठेवला. ठेवला म्हणजे तोही आपटलाच.

भिवंडीच्या कुठल्याशा स्टुडिओतला फोटो. मागं रंगवलेला बंगला, पुढं कोट घातलेला तिचा नवरा अंबादास म्याकल, एक हात खुर्चीच्या पाठीवर. गोल, तुकतुकीत चेहरा. गिरणीत होता तेव्हा मी त्याला रोज बघत असे. सायकलवरून जाताना वाऱ्यानं उडेल असा वाटायचा.

"कोट घालायलेत!" बालामणी म्हणाली. "आम्हाला म्हणायचं तिथंच राहा, आणि स्वतः तिकडं तूप खायचं. करून घालणारी कुणी असल्याशिवाय गडी असा फुगतो काय? मला काय कळत नाय?"

"असं काही नसेल," मी म्हणाले. एकोणीस वर्षांच्या मुलीला याहून दुसरं काय सुचणार.

"नसंल तर नसंल. माझा भाऊ यायलाय रविवारी, सिरसिल्ल्यावरनं. पोराला घेऊन त्याच्यासंगं हैदराबादच्या गाडीनं चालले मी. तिथं पंच बसवतो म्हणलाय. एकदा काडी मोडली की सुटलं ते आणि सुटले मी."

"मग इथं कशाला आलीस?" आईनं खिडकीकडूनच विचारलं.

"विचारायला आले वो अक्का. मी अशी दिसते का? तुम्ही बघा आणि सांगा. मला तर आता माझंच खरं वाटंना."

आईनं पेन्सिल खाली ठेवली. स्टुलावर वळून बसली आणि बालामणीकडं नीट बघितलं. आधी चेहरा, मग गळ्याची हाडं, मग पुन्हा चेहरा.

"नाही दिसत," ती म्हणाली. "ते गाल मी भरलेत."

आमच्या गावातली मोठी कापडगिरणी बंद पडून तेव्हा दुसरं वर्ष लागलं होतं. भोंगा थांबला, आणि साखर पेठेपासून कन्ना चौकापर्यंतचा सगळा भाग किती वाजले ते विसरून गेला. पुरुष भिवंडीला गेले, सुरतेला गेले. बायका बिड्या वळायला लागल्या. अप्पांचं लग्नाचं काम आटलं, पण स्टुडिओ कधी ओस पडला नाही, हे आजही मला नवल वाटतं. परगावी जाणारा माणूस जाण्याआधी यायचा, आमच्या खुंटीवरचा कोट घालून फोटो काढायचा आणि तो बायकोजवळ ठेवून जायचा. मग बायको यायची, पोराबाळांसकट, नवऱ्याला पाठवायच्या फोटोसाठी. कुणी शिलाई मशीन विकायला काढलं की विकण्याआधी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो घ्यायचं. एक म्हातारा आपली म्हैस घेऊन आला होता. अप्पांनी तिला फुटपाथवर उभं करून फोटो काढला आणि "दात दाखव म्हणू नका तिला" म्हणून म्हाताऱ्याला हसवलं.

हे सगळे चेहरे अप्पांच्या कॅमेऱ्यातून निघून आईच्या मेजावर येत. मेज म्हणजे काय, तर दुधी काच बसवलेली उतरती चौकट आणि खाली आरसा. खिडकीचा उजेड आरशावरून काचेत येई, काचेवर निगेटिव्ह ठेवलेली असे. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. माणसाचा गाल जिथं खोल गेलेला, तिथं ती निगेटिव्ह काचेसारखी स्वच्छ दिसते. त्या स्वच्छ जागेवर आई पातळ चिकट वार्निश लावून, सुईसारखी टोकदार केलेली पेन्सिल अलगद फिरवायची, मुंगीच्या पावलांसारखी. तेवढी जागा धुरकट झाली की छापताना तिथं उजेड कमी जातो आणि कागदावर तिथली सावली जाऊन गाल भरून येतो. डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात. गळ्यातले खड्डे बुजतात. गिरणी चालू असताना हे काम देवीचे व्रण आणि सुरकुत्या घालवण्यापुरतं होतं. ती बंद पडली आणि आईला काम वाढलं. कुणी सांगितलं नव्हतं. चेहरे उतरत गेले, तशी तिची पेन्सिल आपोआप जास्त वेळ चालायला लागली.

आई या पौषात गेली. स्टुडिओ आवरताना निगेटिव्हचे आणि जुन्या प्रतींचे खोके निघाले. परवा एका कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक ते बघायला आले होते, बंद गिरण्यांच्या काळावर काही करतायत म्हणून. बराच वेळ एकेक फोटो पाहून म्हणाले, "कमाल आहे. आपण म्हणतो हाल झाले, पण माणसं तर चांगली खात्यापित्या घरची दिसतात." मी त्यांना चहा दिला आणि बालामणीची ही गोष्ट सांगितली.

तर त्या दुपारी "ते गाल मी भरलेत" असं आई म्हणाली तेव्हा बालामणीला ते समजलंच नाही. तिला वाटलं, आई तिची समजूत काढतेय. "जाऊ द्या अक्का," ती म्हणाली. "तुम्ही चांगलंच काढला. माझंच नशीब खोटं." दोन्ही फोटो तिथंच टाकून, सीनूला ओढत ती निघून गेली.

आई उठली. कपाटातून बालामणीची निगेटिव्ह काढली. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि निगेटिव्हवर हलक्या हातानं फिरवायला लागली. बोळा राखाडी झाला. वासानं अप्पांना जाग आली.

"काय पुसायलीस?" ते बाकावरूनच म्हणाले.

"माझं काम."

अप्पा उठून आले, निगेटिव्ह उजेडात धरून बघितली. "कुणाची ही?"

"बालामणीची. हिची एक प्रत काढून द्या मला. आहे तशी."

"आहे तशी म्हणजे? डोकं ठिकाणावर आहे का? ही आपल्या दारातून अशी बाहेर जाणार? माणूस घरून येताना दिसतो त्याहून इथून जाताना बरा दिसला पाहिजे, त्याच्यावर दुकान उभं आहे आपलं."

"बरी दिसली म्हणूनच तिचा संसार मोडायला निघालाय." आईनं त्यांना सगळं सांगितलं, चार वाक्यांत. तिला तेवढीच पुरत.

अप्पांना ते पटलं नाही. "हे बघ, नीला," ते खालच्या आवाजात म्हणाले, रस्त्यावरून कुणी ऐकेल असं वाटल्यासारखे. "फोटो खरा असतो असं लोक धरून चालतात. उद्या चौकात कळलं की कलशेट्टीच्या दुकानात चेहरे पेन्सिलीनं करतात, तर कोण येईल? म्हणतील, फसवलं. जो तो आपले जुने फोटो आणून आपटेल, तिनं आपटलेत तसे. आधीच दिवस कसले आहेत. हेही गेलं तर मी काय करू? भिवंडीला जाऊ?"

"बालाला तर कळायला पाहिजे ना."

"सांग की तिला तोंडानं."

"सांगितलं. तिला वाटलं समजूत काढतेय."

"मग झालं. आपलं काम संपलं."

आईनं वाद घातला नाही. पुसलेली निगेटिव्ह तिनं डार्करूमच्या दाराशी, त्यांच्या ट्रेजवळ ठेवली आणि आपल्या मेजावर जाऊन बसली. डार्करूममध्ये ती कधी जात नसे. ते अप्पांचं राज्य. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांशी फक्त माझ्यामार्फत बोलली. "अप्पांना विचार चहा घेणार का." "आईला सांग, घेणार."

चहा झाल्यावर अप्पा डार्करूममध्ये गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात ओली प्रत होती. ती त्यांनी दोरीवर चिमट्यानं लावली आणि तिच्यापुढं उभे राहिले. तेच तळं, तीच कमळं, पदराची तीच चुणी, सीनूची तीच वळलेली मूठ. आणि मध्ये एक बाई, जिला आम्ही तिघांनीही दिवाळीनंतर स्टुडिओत बघितलं होतं आणि तरी बघितलं नव्हतं.

"हा दुकानाबाहेर जायचा नाही," अप्पा म्हणाले.

आई काउंटरवरचा दुसरा फोटो, अंबादासचा, घेऊन खिडकीशी गेली. भिंग लावून बघत राहिली. गाल, कपाळ, मग खाली, मग पुन्हा वर.

"काय बघायलीस?" मी विचारलं.

"कोट दुसऱ्याचा आहे," ती म्हणाली आणि भिंग मिटवून ठेवलं.

रविवारी सकाळी अप्पा अंघोळीला गेले तेव्हा आईनं इरकल नेसली, तिन्ही फोटो पदराखाली घेतले आणि मला म्हणाली, "चल."

आई सहसा कुणाच्या घरी जात नसे. त्यामुळं ती बालामणीच्या गल्लीत शिरली तशी दारादारांतून माणसं बघायला लागली. बालामणीच्या एकुलत्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक बांधून तयार होती. तिचा भाऊ मल्लेशम पाटावर बसून बशीतून चहा पीत होता. कोपऱ्यात म्हातारी सासू सुपात बिडीची पानं घेऊन बसली होती. सून जायला निघाली तरी तिचा हात थांबला नव्हता.

"या अक्का," बालामणी म्हणाली. रडून तिचे डोळे सुजले होते. "निरोप द्यायला आलाव?"

"दाखवायला आले." आई ट्रंकेपाशी खाली बसली. मल्लेशमला म्हणाली, "दादा, तुम्हाला मराठी कळतं का?"

"कळतं. बोलाया जमंना."

"बोलू नका. बघा." तिनं बालामणीचे दोन्ही फोटो ट्रंकेवर शेजारी शेजारी ठेवले.

सासू मांडीवरचं सूप तसंच धरून वाकली. "ही आमची बाला," ती पुसलेल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली. "आणि ही दुसरी कोण गं जाडी?"

"तीपण बालाच," आई म्हणाली. "एकच फोटो आहे. एकदाच काढलेला. ह्यात गाल मी पेन्सिलीनं भरलेत, ह्यातले पुसलेत."

दारात आता गर्दी झाली होती. एक बाई चौकटीला धरून आत डोकावली. "म्हणजे काय वो अक्का? माझ्या फोटोतपण तुम्ही भरला?"

"तुझ्यातपण."

"आणि आमच्या मामंजींच्या?"

"त्यांचे तर दातपण."

दारातली माणसं हसली. मामंजी मागंच कुठंतरी उभे असावेत, कारण हसू एकदम वाढलं. मी मात्र अप्पांचा चेहरा आठवत होते. दुपारपर्यंत हे सगळ्या चौकात जाणार होतं.

बालामणी हसली नाही. ती पुसलेल्या फोटोकडं बघत होती. "अशी दिसते मी," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिचा राग परत आला. "मग तुम्ही कशाला भरला अक्का? मी म्हणले होते का भरा म्हणून?"

"नाही. चुकलंच ते माझं. विचारायला पाहिजे होतं."

एवढ्या लोकांपुढं आईनं चूक अशी सरळ कबूल केली, तसा बालामणीचा राग ओसरला. मग आईनं पदराखालून तिसरा फोटो काढला.

"आता हा बघ."

"तो नको मला बघायला."

"बघ म्हणते ना. हा पण भरलेला आहे."

"हा तर भिवंडीतला."

"मग? भिवंडीलापण कुणीतरी खिडकीशी बसतच असेल की पेन्सिल घेऊन." आईनं फोटो तिच्या हातात दिला. "तोंड बघू नको. हात बघ."

बालामणीला कळलं नाही. मलाही नाही.

"आम्ही हात कधी भरत नाही," आई म्हणाली. "चेहऱ्यापुरतं काम असतं. गिऱ्हाईक चेहराच बघतं, मग हातावर कोण डोळे फोडणार? तिकडच्यानंपण सोडलेत. बघ, खुर्चीवर ठेवलेला हात बघ त्याचा."

बालामणीनं तळव्यानं अंबादासचा चेहरा झाकला. आता फोटोत फक्त कोट होता आणि एक हात. कोटाची बाही मनगटाशी घंटेसारखी उघडी पडली होती आणि तिच्यातून काटकीसारखं बारीक मनगट बाहेर आलं होतं. हाडाचा गोळा वर आलेला. बोटांच्या मुळाशी खड्डे. शिरा.

मल्लेशमनं बशी खाली ठेवली आणि मान पुढं काढून बघितलं. तो बहिणीला तेलुगूत काहीतरी हळू म्हणाला.

"आण इकडं," म्हणून सासूनं फोटो जवळजवळ हिसकावला. डोळ्यांना लावला. "तूप खातो म्हणं!" ती म्हणाली. "जन्मापास्नं कधी फुगला नाय माझा पोरगा, आता फुगतोय. ही करंगळी बघ, मागात सापडून तुटलेली. हात त्याचाच हाय. तोंड कुणाचं चिकटवलंय काय म्हाईत." आणि सुपातली पानं उगाच वरखाली करायला लागली.

दारातल्या बायकाही पुढं सरकून बघायला लागल्या. त्यांतल्या बहुतेकींच्या घरी असाच एकेक फोटो होता, कोटातला.

"अक्का," बालामणीनं विचारलं, "मग तोंड कसं असंल वो आता त्याचं?"

आईनं फोटो ट्रंकेवर ठेवला आणि नखाच्या टोकानं, कागदाला न लावता, दाखवायला लागली. "हे इथनं काढ. कानाखालनं इथवर. हे भरलेलं आहे, इथं हाड दिसत असणार. डोळ्याखालचं हे सगळं काढ. गळ्यात कॉलर ढिली आहे बघ, तिथं काही नाहीच." बालामणी तिच्या नखामागं डोळे फिरवत होती. दाखवता दाखवता आई थांबली, कारण बालामणीच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की तिला तो आता दिसला.

"मग असलं तोंड कशाला धाडलं त्यानं मला?" बालामणी म्हणाली.

"तू कशाला धाडलंस?"

"मी... त्याला तिकडं घोर नको म्हणून..."

थोड्या वेळानं ती उठली. सीनूचं नाक पदरानं पुसलं, चूल विझली का बघितलं. मल्लेशमला तिनं तेलुगूत दोन वाक्यं सांगितली. त्यानं एकदा तिच्याकडं, एकदा आईकडं बघितलं आणि ट्रंक खांद्यावर घेतली.

"हैदराबादच्या गाडीला टाइम आहे अजून," दारातलं कुणीतरी म्हणालं.

"मुंबईच्या गाडीला नाय," बालामणी म्हणाली.

"अगं पण त्यानं बोलवलं कुठं तुला?"

"न बोलवता जाते. हाकलंल काय?" ती सासूच्या पाया पडली. "आत्याबाई, तुम्हाला न्यायला येते दिवाळीला." सासू म्हणाली, "मला कशाला, मी बसते इथंच. त्याला जेवाया घाल." आणि मग पहिल्यांदा तिनं सूप खाली ठेवलं.

बालामणी भिवंडीला पोचली. लूमच्या शेडमागं पत्र्याच्या आडोशाला तिघं राहिली आणि तीही लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला लागली. दिवाळीला सासूला न्यायला आली तेव्हा काही अंगानं भरली नव्हती. नवरा बरोबर होता. फोटो काढायला मात्र दोघंही आली नाहीत.

पण त्या रविवारी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. आम्ही घरी परतलो तेव्हा अप्पा स्टुडिओच्या पायरीवर उभे होते. बातमी आमच्या आधी पोचली होती.

"झालं समाधान?" ते म्हणाले. "सगळ्या गल्लीला धडा दिलास म्हणे."

"झालं," आई म्हणाली.

"आता उद्यापासून दुकानात कोण येतं ते बघत बसू."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीच आलं नाही. अप्पांनी कॅमेरा पुसला, पडदा झटकला, पुन्हा कॅमेरा पुसला. आई मेजावर बसून होती, पण मेजावर काही नव्हतं. दुपार कलताना सुंदराबाई आल्या. मागच्या चौकात भाजी विकायच्या; मुलगा सुरतेला होता. त्यांनी बोलण्याआधी पदर नीट केला आणि खुर्चीवर जाऊन बसल्या. अप्पांनी फोटो काढला.

फोटो झाल्यावर सुंदराबाई उठून गेल्या नाहीत. खिडकीपाशी आल्या.

"म्याकलांच्या घरातलं कळलं मला, अक्का."

अप्पा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात होते, ते तसेच आत राहिले.

"तुम्ही गाल भरता ते आम्हाला काय ठाऊक नव्हतं व्हय?" सुंदराबाई म्हणाल्या. "आपलं तोंड आपल्याला ठाऊक असतंय की. बरं वाटायचं, म्हणून कुणी बोललं नाही."

अप्पा कापडातून बाहेर आले.

"आता विचारूनच भरणार," आई म्हणाली. "तुमचं भरू?"

"भरा. आणि हात पण भरा."

"हात?" आईनं विचारलं.

"लेक हुशार हाय माझा," सुंदराबाई म्हणाल्या. आपले दोन्ही हात त्यांनी पुढं करून उलटसुलट बघितले, भाजीची जुडी बघावी तसे. "सगळ्या गल्लीला ठाऊक झालंय आता, हात बघायचे म्हणून. सुरतेला पोचायला काय उशीर? बघंल आणि येईल निघून."

"येऊ दे की," आई म्हणाली. "तुम्हाला नको का तो?"

"नको कसा असंल वो." त्या थांबल्या. "पण आला तर तिथलं मागावरचं काम जाईल त्याचं. त्याच्या दोन पोरी हायत माझ्यापाशी. त्याला राहू द्या तिथंच. मला जरा बरी करा."

सुंदराबाई गेल्यावरही आई पेन्सिल हातात घेऊन बसून होती. तिनं बालामणीच्या घरी जे केलं ते बरोबर होतं आणि आता ही बाई जे मागत होती तेही बरोबर होतं, आणि यातून वाट काढायला तिच्याकडं पेन्सिलीखेरीज काही नव्हतं. निगेटिव्ह धुवून, वाळवून अप्पांनी ती स्वतः आणून तिच्या मेजावर ठेवली आणि खिडकीचं एक दार, जे नेहमी अर्धंच उघडं असे, पुरतं उघडलं.

आईनं चेहरा आधी केला. तो तिला पाठ होता. मग ती हातांपाशी आली आणि अडली. इतकी वर्षं काम करून तिनं कधी हात केला नव्हता. पेन्सिल टेकवायची, उचलायची. टेकवायची, उचलायची.

"कस्तुरी," ती म्हणाली, "इकडं ये. तुझे हात दाखव."

मी खिडकीशी गेले आणि सुंदराबाईंनी मांडीवर ठेवले होते तसे माझे हात उजेडात धरले. आईनं ते आपल्या हातात घेतले. अंगठ्यानं बोटांच्या मुळाशी दाबून बघितलं, मनगट फिरवून बघितलं, कुठं किती मांस असतं ते. बराच वेळ बघितलं. मग माझे हात तिनं मेजाच्या कडेला, निगेटिव्हच्या शेजारी ठेवले, "हलू नको," म्हणाली आणि पेन्सिल उचलली.